जंगलाचा एक लिटर

चंद्रपूरला जाऊन वाघ न बघता परत आलेली बाई, अशी मिरजेत आता माझी ओळख झाली आहे. शेजारच्या कुलकर्णीबाईंनी तर मी कुलूप उघडायच्या आत विचारलं, "मग आठ दिवस केलंत काय?" मी म्हटलं, "एका ट्रकला पथ्यावर ठेवलं." त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. तेव्हापासून भेटेल तो हेच विचारतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

वरोरा

शमीम आणि मी मिरजेच्या एका रुग्णालयात अकरा वर्षं बरोबर होतो. ती परिचारिका, मी रुग्णांच्या पथ्याचे तक्ते करणारी. मग तिचं लग्न ठरलं आणि ती आपल्या गावी, वरोऱ्याला परत गेली. दर ईदेला तिचा फोन यायचा, "ताई, कधी येतेस?" आणि दर ईदेला मी "पुढच्या वर्षी" म्हणायचे. मी निवृत्त झाल्यावर ही सबब संपली, आणि या जानेवारीत मी नागपूरला उतरून वरोऱ्याची बस पकडली.

पहिल्या सकाळी नाश्त्याला पोहे. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर पेरतात. इथे त्यांच्यावर लालभडक तर्री ओततात आणि पोहे दिसेनासे झाले की खायला घेतात. नाक पुसत पुसत मी दोन ताटल्या संपवल्या आणि तिसरीला नाही म्हणताना मला मनापासून वाईट वाटलं.

खिडकीतून अंगणातला ट्रक दिसत होता. जुना, चेहऱ्यावर बऱ्याच ठिकाणी पुन्हा रंग लावलेला, पण आरशासारखा पुसलेला. त्याच्या टपावर शमीमचे यजमान, युसूफभाऊ, दोर आवळत होते. बासष्टीचा बारीक, शांत माणूस.

"ते माझे मालक, आणि ती माझी सवत," शमीम म्हणाली. "तिले रोज पुसते. मले एक दिवस तरी पुसलं का, तब्येत कशी आहे म्हणून?"

या सवतीचं दुखणं असं होतं की ती तेल प्यायची. डिझेल नव्हे, ते तर प्यायचंच असतं. इंजिनात आतल्या भागांची झीज होऊ नये म्हणून जे वंगणाचं तेल घालतात, ते. लोणच्याच्या बरणीतल्या तेलासारखं ते असतं, तिथेच राहायचं असतं, रोज रोज कमी व्हायचं नसतं. पण हा ट्रक जंगलाकडच्या एका फेरीत लिटर-दोन लिटर सहज संपवायचा आणि मागे निळा धूर सोडत यायचा.

युसूफभाऊंनी त्याला तीन मिस्त्रींना दाखवलं होतं. पहिला म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या. दुसरा म्हणाला, रिंगा ठणठणीत आहेत, व्हॉल्व्हची सीलं गेली. तिसऱ्याने नुसता धूर बघून टर्बो गेल्याचं सांगितलं. या गाडीला टर्बोच नाही, असं युसूफभाऊ म्हणाले, तेव्हा तो जराही न गडबडता म्हणाला, "म्हणूनच!" आमच्या रुग्णालयातही असे एक मोठे डॉक्टर होते, त्यामुळे मला हे ऐकून घरच्यासारखं वाटलं. तिघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं. इंजिन खोलावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन खोलण्यात अर्थ नाही.

शमीमने चंद्रपूरचा एक भंगारवाला ठरवला होता. जंगलापलीकडच्या मुलचेऱ्याची एक शेवटची फेरी करायची आणि परत आल्यावर गाडी त्याला द्यायची. युसूफभाऊ हो म्हणाले होते, पण कसे, ते मला जेवताना कळलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून ते म्हणाले, "बाई, बासष्टव्या वर्षी मले कोण डायवर ठेवते? ही गेली का मी इथी वट्ट्यावर बसीन अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले टाइम विचारीन."

नंतर स्वयंपाकघरात शमीमने माझा हात धरला. "ताई, तूच सांग त्यायले. तुझं ऐकतीन. विका म्हणा." मी सांगेन म्हटलं. मैत्रिणीला दिलेला शब्द आणि त्या माणसाचा चेहरा, दोन्ही घेऊन मी झोपायला गेले.

वरोरा ते वैनगंगा

मुलचेऱ्याला न्यायचा माल म्हणजे सरकीची ढेप. ती म्हशींना आवडते म्हणतात. मला तिच्या वासाने भद्रावतीपर्यंत सतरा शिंका आल्या, त्या शमीमने मोजल्या. आम्ही तिघं पुढे बसलो होतो, मी खिडकीशी, शमीम मध्ये. जागा पुरेशी होती, फक्त गिअर बदलायचा झाला की शमीमला गुडघे माझ्याकडे वळवावे लागत आणि दर वेळी ती "सवतीले जागा द्या" म्हणत असे.

माझ्यासमोर दोघं वऱ्हाडीत भांडत. भांडण रंगात आलं की हिंदीत जात. मग माझी आठवण होऊन शमीम मला थोडक्यात मराठीत सांगे, "काई नाई, मी जिंकली."

चंद्रपूर मागे पडलं. गोंडपिपरीला चहा झाला. टपरीवाल्याने मी बाहेरची आहे हे ओळखून सांगितलं की कालच इथे रस्त्यात पट्टेदार बसला होता. पुढचा टपरीवालाही म्हणाला, कालच. चंद्रपूर जिल्ह्यातला वाघ रोज काल दिसतो, अशी माझी समजूत झाली आहे.

मी वाटेत युसूफभाऊंना तेलाबद्दल विचारत होते. मला गाडीतलं काही कळत नाही, पण कोण काय खातं आणि मग त्याला काय होतं, एवढंच मी तीस वर्षं केलं आहे.

"नागपूरला जाताना किती पितो?"

"नागपूरले?" युसूफभाऊ म्हणाले, "एक थेंब मागत नाई, बाई. वणीले नाई, हिंगणघाटले नाई. जंगल लागलं का पिते. मिस्तरी म्हणते रस्ता खराब आहे, लोड पडते."

मला आमचा पाच नंबरचा वॉर्ड आठवला. तिथे एका मधुमेही आजोबांची साखर फक्त रविवारी वाढायची. डॉक्टरांनी औषधं तीनदा बदलली. शेवटी कळलं की रविवारी त्यांची बहीण भेटायला येते आणि उशीखाली पेढे ठेवून जाते. माझ्या धंद्यातली एकच मोठी शिकवण आहे. चौकशी रुग्णाची करायची नसते, त्याच्या उशाशी बसणाऱ्यांची करायची असते.

आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली. जानेवारीत पाणी निम्म्या पात्रात असतं आणि उरलेल्या वाळवंटात लोकांनी काकड्या-कलिंगडांचे वेल लावलेले असतात. आमच्या कृष्णेकाठी नदी म्हणजे घाट, दिवे, पायऱ्या. इथे नदी नुसती पसरून बसली होती, कुणी बघायला आलंय का याची तिला फिकीर नव्हती. मला ती फार आवडली.

दगडांच्या ढिगापाशी

पुढे सागाचं जंगल दाट होत गेलं आणि एका मोहाच्या झाडाखाली युसूफभाऊंनी गाडी थांबवली. झाडाच्या बुंध्याशी दगडांचा ढीग होता. इथून जंगलात शिरणारा प्रत्येक जण त्यावर एक दगड ठेवतो. युसूफभाऊंनीही उतरून एक दगड ठेवला.

माझा चेहरा बघून म्हणाले, "देव माझा नाई, बाई. पण जंगल त्याचं आहे. विचारून जावं."

दगड ठेवला तोच वळून त्यांनी इंजिनाचं झाकण वर केलं, तेल मोजायची लांब पट्टी बाहेर ओढली, हात लांब करून डोळे बारीक करून बघितली आणि म्हणाले, "पाहा, उतरलं." लगेच सीटमागचा डबा काढून एक लिटर तेल आत ओतलं, झाकण लावलं आणि पुन्हा चाकामागे बसले. सगळं मिळून तीन मिनिटंसुद्धा नाही.

हा जंगलाचा लिटर. युसूफभाऊंच्या उस्तादांनी घालून दिलेली रीत. पुढे गॅरेज नाही, दुकान नाही, फोन लागेल याचा भरवसा नाही, म्हणून इथे एक लिटर घालायचाच. आणि उस्तादांनी आणखी एक सांगितलं होतं, "थंडं इंजिन खोटं बोलते." म्हणून ते तेल नेहमी गरम इंजिनात, थांबल्या थांबल्या मोजत. घरी सकाळी कधीच नाही.

पंधरा मिनिटांत मागच्या आरशात निळा धूर दिसू लागला. पुढे लाकूड तपासायच्या नाक्यावर थांबलो, तेव्हा मी माझा नवा पांढरा स्वेटर घालून गाडीखाली वाकून बघण्याचा शहाणपणा केला. इंजिनाच्या बगलेतून एक नळी खाली लोंबत होती. तिच्यातून तेल ठिबकत होतं, त्यातलं बरंच माझ्या बाहीवर.

"ते ब्रीदर आहे," युसूफभाऊ म्हणाले. "इंजिन तिथून श्वास घेते."

श्वास घेतं की ओकतं, असं मला विचारावंसं वाटलं. भरपेट जेवलेल्या माणसाला उभं-आडवं हलवलं तर काय होतं, ते मी पुष्कळ पाहिलं आहे. शमीम मात्र त्या नळीकडे न बघता माझी बाही पुसत बसली.

मुलचेरा

मुलचेऱ्याच्या आसपास बंगाली लोकांची गावं आहेत, जुन्या काळी निर्वासित म्हणून येऊन वसलेल्यांची. गाडी वळून आत गेली आणि एकदम भाताची खाचरं, तळी, दारात शंखाच्या बांगड्या घातलेल्या बायका. त्याच सकाळी आपण कापसाच्या गावात होतो हे खरं वाटेना.

युसूफभाऊ वीस वर्षं ज्यांच्याकडे ढेप आणतात आणि तांदूळ नेतात, ते निताईबाबू धानगिरणीचे मालक. गोल चेहरा, गोल चष्मा, गोल पोट. त्यांच्या पत्नीने मोहरी वाटून केलेला तळ्यातला मासा वाढला. आमच्याकडे मासा खाताना काटा लागला तर वाढणारी ओशाळते. इथे मला काटा लागला तर सगळं घर मला काटा कसा काढायचा ते शिकवायला बसलं. वर खोबरं-गूळ भरलेले, आपल्या उकडीच्या मोदकांसारखे तांदळाचे पिठे. निताईबाबू म्हणत होते, "दीदी, और दो खाइए, आपने तो कुछ खाया नहीं." मी आठ खाल्ले होते. आयुष्यभर लोकांचं खाणं मोजणाऱ्या बाईवर हा देवाने घेतलेला सूड होता.

तेल मोजण्यातच काही चुकत असेल, ही माझी शंका मी जेवताना बोलून दाखवली. निताईबाबूंच्या गिरणीला डिझेलचं इंजिन आहे. ते म्हणाले, ते तेल रोज सकाळी मोजतात, इंजिन सुरू करायच्या आधी. चालत्या इंजिनात तेल वर, सगळीकडे उडालेलं असतं. बंद केल्या केल्या मोजलं तर कमीच दिसणार. ते हळूहळू उतरून खाली येतं तेव्हा खरं कळतं.

युसूफभाऊंचा चेहरा पडला. "उस्ताद खोटं नाई सांगत," एवढंच म्हणाले. पण सकाळी बघायला कबूल झाले.

गाडी धान वाळवायच्या सिमेंटच्या खळ्यावर उभी केली होती. ते खळं इतकं सपाट की पाणी कुठे वळत नाही. सकाळी आम्ही चौघं तिथे जमलो. मी माझा चष्मा युसूफभाऊंच्या नाकावर बसवला. त्यांनी पट्टी ओढली, पुसली, पुन्हा घातली, ओढली आणि बघतच राहिले. खुणेच्या वर दोन बोटं तेल होतं.

"आटलं नाई," ते हळू म्हणाले. "हे तं जास्त आहे."

"दादा," निताईबाबू म्हणाले, "गाड़ी भूखा नहीं है. ज्यादा खाया है."

युसूफभाऊंनी खालचा बोल्ट सैल करून तेल खुणेपर्यंत उतरू दिलं. डब्यात दीड लिटरच्या वर तेल जमलं. ते बोटांवर मोजत होते. "मी तं एकच लिटर टाकलो. अन् रस्त्यात उडलं ते वेगळंच. मंग हे कुठून आलं?"

मी वर बघितलं. शमीम खळ्याच्या कडेला जाऊन तळ्यातली बदकं बघत होती. अकरा वर्षं बरोबर काम केलेली बाई पाठमोरी उभी राहिली तरी काय दडवते आहे ते कळतं. मी तिला काही विचारलं नाही. फक्त म्हटलं, "शमीम, तुझ्या पिशवीतली चिकटपट्टी दे." तिने ती दिली. मी तेल ओतायच्या झाकणावर ती चिकटवली, वर पेनने सही केली आणि जाहीर केलं, वरोऱ्यापर्यंत रुग्णाला तोंडाने काही द्यायचं नाही.

पुन्हा दगडांच्या ढिगापाशी

तांदूळ भरून निघालो. युसूफभाऊंचा एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशावर. धूर सुरुवातीला थोडा दिसला, मग पुसट झाला, मग मी कितीही वळून बघितलं तरी दिसेना. पण त्यांच्या हातांची पकड काही सैल होत नव्हती.

मोहाच्या झाडाखाली थांबलो. युसूफभाऊंचा हात सवयीने पट्टीकडे गेला, तेव्हा मी म्हटलं, "अर्धा तास. इंजिन बंद करून अर्धा तास बसायचं, मग मोजायचं."

"इथी?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते या जागी कधी बसले नव्हते.

आम्ही बसलो. वानरांचं एक कुटुंब आमच्याकडे बघत समोर बसलं. कुणालाच काही काम नव्हतं. अशा वेळी माणसं बोलतात, हे मी रुग्णालयाच्या बाकांवर बघितलं आहे. दहा-एक मिनिटांनी शमीम जमिनीकडे बघत म्हणाली, "दुसरा लिटर माझा होता."

युसूफभाऊंना कळलं नाही. "कोणता?"

"तुमी जंगलात जाता तवा सकाळी मी टाकते. तुमी नमाज पढत असता तवा. दर वेळी."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? त्या साली तुमी तिकडे बंद पडले, आठवते का? पाइप फुटून सगळं तेल गेलं होतं. दोन दिवस फोन नाई, काई नाई. मी दारात उभी. तिसऱ्या दिवशी आले तुमी. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा तेल कमी पडू देणार नाई." तिने पदर डोळ्यांना लावला. "मले काय मालूम जास्त झाल्यानं बी होते!"

मला राहवलं नाही. "शमीम, तू नर्स. सलाइनचा एक थेंब जास्त गेला तर तू आख्खा वॉर्ड डोक्यावर घ्यायचीस."

"तो पेशंट होता," ती रडत रडत म्हणाली. "ही सवत आहे."

युसूफभाऊंनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाले, "इतके वर्स मले वाटे, तू इले पाण्यात पाह्यते."

"पाह्यते मी. इले पाण्यात पाह्यते. तुमाले थोडीच?"

मला त्या क्षणी दोघांबद्दलही फार माया वाटली, आणि आपण तिथे आहोत याचा संकोचही. मी उठून वानरांकडे गेले. परत आले तेव्हा युसूफभाऊ आपल्या खांद्यावरच्या रुमालाने तिचे डोळे पुसत होते. त्या रुमालाला इंजिनाचं तेल होतं. शमीमच्या गालावर काळा पट्टा उमटला आणि मी ते तिला वरोऱ्यापर्यंत सांगितलं नाही.

अर्ध्या तासाने पट्टी ओढली. तेल खुणेवर होतं.

वरोरा

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलत होती. युसूफभाऊंनी तांदूळ उतरवला, गाडी अंगणात लावली आणि रोजच्यासारखी पुसली. दुसऱ्या सकाळी मात्र ते पट्टीला हात लावेनात. अंगणात उभे राहून म्हणाले, "बाई, तुमी पाहा." मी म्हटलं, मला चष्म्याशिवाय दिसत नाही. ते खोटं होतं, चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता.

शेवटी शमीम पुढे झाली. पदर खोचून तिने पट्टी ओढली, पुसली, आत घातली, पुन्हा ओढली. तेल खुणेच्या केसभर खाली होतं. एवढं जुन्या गाडीने प्यावंच, निताईबाबूंनी सांगितलंच होतं.

युसूफभाऊ मटकन पायरीवर बसले. रडत होते की हसत होते ते मला नीट कळलं नाही, बहुतेक त्यांनाही नसावं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चंद्रपूरचा भंगारवाला होता, गाडी न्यायला कधी येऊ विचारत होता. युसूफभाऊंनी फोन कानाला लावला, पण डोळे शमीमच्या हातातल्या पट्टीवर. मला माझा शब्द आठवला. विका असं सांगायचं मी कबूल केलं होतं. मी शमीमकडे बघितलं. तिने पट्टी पुसून जागेवर ठेवली, हात धुतले आणि नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"भाऊ, गाडी विकाची नाई," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. ती ऐकत राहिली, मान हलवत राहिली.

"नाई हो," शेवटी ती म्हणाली, "गाडीत काईच बिघाड नव्हता. मीच भेत होती."